गरी सगळ्यात शेवटी: मुंबईत पहिली होडी घेणाऱ्यासाठी

पावसाळा सरत आला की ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतं. "बारा फुटी होडी बघून ठेवलीय, ट्रेलरसकट मिळतेय. रॉड कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: रॉड शेवटी घे. दुकानात वस्तू ज्या क्रमाने नजरेत भरतात त्याच्या बरोबर उलट क्रमाने पैसे खर्च करावेत, असं माझं ठाम मत आहे. आधी लाइफ जॅकेट, मग ट्रेलरची चाकं, मग खोली दाखवणारं यंत्र आणि नकाशा. उरतील त्या पैशांत गरी (गळ), तंगूस (नायलॉनची दोरी), रॉड, रील. मासा साध्या रॉडलाही लागतो. बेअरिंग जाम झालं तर मात्र रात्र हायवेच्या कडेला जाते, आणि खोलीचा अंदाज चुकला तर ठाण्याच्या खाडीतल्या चिखलावर भरतीची वाट बघत बसावं लागतं.

इथे जे लिहितोय ते छोट्या होडीसाठी आहे: दहा ते चौदा फूट, फायबरची किंवा ॲल्युमिनियमची, वल्ह्यावर किंवा लहान आउटबोर्ड इंजिनावर चालणारी, गाडीमागे जोडून नेता येणारी.

आधी पाणी ठरवा

गोडं पाणी की खारं, हे होडी घेण्याआधीच ठरवा. पुढचं सगळं सामान त्यावर अवलंबून आहे.

गोड्या पाण्याचं म्हणाल तर मुंबईच्या पोटात तीन तलाव आहेत, पण तिन्हींचे नियम सारखे नाहीत. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे पिण्याच्या पाण्याचे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातले तलाव. तिथे होडी आणि गळ दोन्ही विसरा. पवई १८९१ च्या सुमाराचा. त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही, आणि गळाने मासे धरण्याची तिथली जुनी परंपरा महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने जपली. नवख्याने आधी अशा संस्थेत जाऊन बसावं, जुन्या मंडळींचे हात बघावेत. रोहू, कटला, मृगळ यांचा नाद तिथेच लागतो. पवईत मगरी आहेत, त्यामुळे काठावर पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, आणि मुलांना तर मुळीच बसू द्यायचं नाही.

तानसा, भातसा, वैतरणा ही शहराला पाणी पाजणारी धरणं. परवानगीशिवाय तिथे ट्रेलर नेऊ नका. बाकीच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात. होडी उतरवण्याआधी संस्थेच्या माणसाला भेटा, आपण गळाने धरणार आहोत हे सांगा, पावती असेल ती फाडा. त्या पाण्यात बीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यांच्या जाळ्यांचे फ्लोट तरंगत असतात. त्यांच्यावरून इंजिन गेलं तर एखाद्या घराची आठवड्याची कमाई फाटते.

खाऱ्या पाण्यात पहिलं काम उतार शोधण्याचं. ट्रेलर थेट पाण्यात नेता येईल अशी मोकळी जागा मुंबईत सहज सापडत नाही. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, जिथे जाल तिथली वाळू कोळीवाड्याच्या रोजच्या कामाची असते. मासळी उतरत असताना मध्ये गाडी घुसवू नका. आदल्या दिवशी जाऊन विचारा. होडीच्या नोंदणीबद्दल महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आणि ट्रेलरच्या नोंदणीबद्दल आरटीओत आधीच चौकशी करा. जुनी होडी घेताना दोन्हींचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तुमची होडी वल्ह्याची असली तरी त्या दोन महिन्यांत समुद्राकडे पाठ फिरवा. माशांच्या विणीचा काळ तो, आणि लाटाही छोट्या होडीच्या नसतात.

भरतीचं गणित तोंडपाठ करा

मोबाइलवर भरतीची वेळ दिसते, हे खरं. तरीही किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब शिकून घ्या, कारण तो बॅटरीवर चालत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान भरती. पाच-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, पण निघायचं की थांबायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो बराच कमी असतो. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात असे दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. चार मीटरच्या उधाणात दोन तासांत दोन मीटर! खाडीच्या तोंडाशी त्या वेळी वल्ह्याने काही होत नाही. शिकाऊ माणसाने सुरुवात भांगाच्या दिवसांत करावी, आणि भरती चढत असताना उथळ भागात जावं. चढत्या पाण्यात होडी टेकली तर पाणीच ती उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तुम्ही तिथेच.

वर्सोव्याच्या एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा कप्तान) मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पयले पानी बग, मंग गरी टाक." त्या दिवशी आम्ही दोन तास नुसते किनाऱ्यावर उभे राहून पाणी कुठे वळतं, कुठे फेस धरतं, कुठल्या खडकामागे शांत राहतं ते बघत होतो. गरी बाहेर काढलीच नाही. आजही नवीन जागी गेलो की मी तेच करतो.

अंगावर आणि हाताशी

माणसागणिक एक लाइफ जॅकेट, मापाचं, होडीत बसल्यापासून अंगावर चढवलेलं. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असेल अशा पाण्यासाठी असतं. खाडीत-समुद्रात किमान १०० न्यूटनचं घ्या, आणखी बाहेर जाणार असाल तर १५० चं. सोबत शिट्टी, टॉर्च, पाणी उपसायचं भांडं, जादा वल्हं, दोरासकट नांगर, वॉटरप्रूफ पिशवीत फोन. इंजिन असेल तर किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, म्हणजे माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद पडतं. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा नंबर १५५४ फोनमध्ये साठवा. किती वाजता परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. समुद्रात जाण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज बघायची सवय लावून घ्या.

ट्रेलर: सगळा जीव त्या दोन हबमध्ये

नवीन माणूस ट्रेलरकडे लोखंडाचा सांगाडा म्हणून बघतो आणि इथेच फसतो. माझा पहिला ट्रेलर सेकंडहँड होता. विकणाऱ्याने "सगळं ग्रीस केलंय" म्हणून सांगितलं, मी चाक फिरवूनही बघितलं नाही. तिसऱ्या फेरीला, मावळातल्या तलावावरून जुन्या पुणे रस्त्याने परतताना पनवेलच्या अलीकडे मागून घासल्यासारखा आवाज यायला लागला. थांबून हबवर, म्हणजे बेअरिंग असतं त्या चाकाच्या मधल्या भागावर, पाणी शिंपडलं तर चर्रर करून वाफ झाली. उघडला तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, ताकासारखं पांढरट पाणी होतं. त्या रात्री होडी एका ढाब्याच्या अंगणात ठेवून परतावं लागलं.

कारण सोपं आहे आणि प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. पन्नास-साठ किलोमीटर ओढल्यावर हब तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. तसाच तापलेला हब थंड पाण्यात बुडवला की हवा आकसते, आत पोकळी होते आणि ती ऑइल सीलच्या (ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या रबरी कडीच्या) फटीतून पाणी ओढून घेते. खारं पाणी असेल तर गंज दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. म्हणून पाण्यापाशी पोहोचलात की आधी पंधरा-वीस मिनिटं थांबा. दोऱ्या सोडा, सामान होडीत भरा, चहा प्या. हबला हात लावून बघा, कोमट झाला की मगच मागे घ्या.

चाकाची तपासणी हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा, अशी:

१. गाडीला जोडलेला असतानाच एका बाजूला जॅक लावा, दुसऱ्या चाकाला लाकडी ओंडका. चाक हाताने फिरवा. गुरगुर ऐकू आली तर बेअरिंग गेलं. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर नट सैल आहे किंवा बेअरिंग झिजलंय.

२. चाक काढा, हबची टोपी काढा. आतलं ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे.

३. स्प्लिट पिन काढा, नट-वॉशर सोडवा, बाहेरचं बेअरिंग हातात घ्या, हब ओढून काढा. मागचं ऑइल सील उचकटून आतलं बेअरिंग काढा.

४. दोन्ही बेअरिंग रॉकेलमध्ये ब्रशने स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळू द्या. रोलरवर निळसर छटा, खड्डे किंवा ओरखडे दिसले तर बेअरिंग आणि त्याचा कप (ते ज्यात बसतं ती कडी), दोन्ही बदला. नुसतं बेअरिंग बदलून जुन्या कपात बसवलं तर नवंही लवकर जातं. नमुना खिशात घालून नागदेवी स्ट्रीटला जा. बेअरिंगवर कोरलेला नंबर दाखवला की जोडीचं मिळतं.

५. ग्रीस मरीन प्रतीचं घ्या. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहा, ग्रीस दुसऱ्या बाजूने रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. वरवर चोपडणं म्हणजे ग्रीस करणं नव्हे. जुनं आणि वेगळ्या जातीचं नवं ग्रीस एकत्र मिसळू नका.

६. सील दरवेळी नवीन. किमतीत स्वस्त, पण अख्खा हब त्याच्या भरवशावर असतो.

७. नट घट्ट करताना हब फिरवत राहा, मग थोडा सैल करा, पुन्हा बोटाने लागेल तेवढाच आवळा. स्प्लिट पिन नवीनच घाला.

पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक हबला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. मी आजही टोलनाक्याच्या पुढे गाडी बाजूला घेऊन हे करतो, आणि नव्या बेअरिंगचा एक तयार सेट, सील आणि ग्रीसचा डबा डिकीत ठेवतो.

टायरबद्दल एकच सांगतो. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि म्हातारे होऊन जास्त जातात. बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक भेगा दिसल्या, किंवा सहा वर्षं उलटली, तर बदला. हवा थंड टायरमध्ये मोजा. जादा चाक आणि ते बदलता येईल असा जॅक गाडीत हवाच. गाडीच्या जॅकने ट्रेलर उचलला जातोच असं नाही, घरीच करून बघा.

वजन कुठे बसतं याकडेही लक्ष द्या. होडी आणि सामान धरून एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. इंजिन, पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी असं सगळं मागे रचलं तर पुढचं टोक हलकं होतं आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. विंचची (होडी ट्रेलरवर ओढणाऱ्या चरकाची) पट्टी वाहतुकीसाठी पुरेशी नसते. मागून वेगळे पट्टे आवळा, आणि सेफ्टी चेन हुकाखाली फुलीसारख्या अडकवा. पाण्यात नेण्याआधी दिव्यांची वायर सोडवा. तापलेले साधे बल्ब पाणी लागताच तडकतात.

ट्रेलर मागे घ्यायला शिकताना स्टिअरिंगच्या खालच्या कडेला हात धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्या. रविवारी पहाटे एखाद्या मोकळ्या मैदानात दोन तास सराव करा. आणि होडी पाण्यात ढकलण्याआधी मागच्या भोकाचं बूच लावलंय का, ते हाताने चाचपून बघा.

खोलीचं यंत्र आणि स्वतःचा नकाशा

फिशफाइंडर म्हणजे ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. पंधरा मीटर खोलीचा प्रतिध्वनी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परततो. पडद्यावर उजवीकडची कड म्हणजे आत्ताचा क्षण, बाकी सगळं मागे पडलेलं पाणी. समोरचा मासा त्यात दिसत नाही, हे नवख्यांना उमजायला वेळ लागतो. आवाजाचा झोत खाली शंकूसारखा पसरतो. २०० किलोहर्ट्झला साधारण २० अंशांचा शंकू असतो, म्हणजे नऊ मीटर खोलीवर तुम्ही जेमतेम तीन मीटर रुंदीचा तळ बघत असता. तळाची रेघ जाड, ठळक आणि खाली तिची दुसरी सावली असेल तर खडक किंवा मुरूम. पातळ, विस्कटलेली असेल तर गाळ. मासा शंकूतून आडवा गेला की कमान उमटते.

पडद्याच्या आकारावर पैसे घालू नका. जीपीएस आणि नकाशा आखण्याची सोय असलेला पाच इंची पडदा पुरे. गार्मिनमध्ये त्या सोयीला क्विकड्रॉ म्हणतात, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट. होडी अजून घेतली नसेल तर डीपरसारखा चेंडू रॉडने फेकायचा, तो वायफायवरून फोनवर खोली पाठवतो. नकाशा आखण्याची सोय महत्त्वाची कशासाठी? परदेशातल्या तलावांचे खोलीच्या रेघांसकट तयार नकाशे विकत मिळतात. आपल्या किती तरी धरणांसाठी पडद्यावर निळ्या डागाशिवाय काही दिसत नाही. तो डाग आपणच भरायचा.

माझी पद्धत मे महिन्यात सुरू होते. तेव्हा जलाशय खाली गेलेला असतो. उघड्या पडलेल्या तळावर, जिथे जायला मनाई नाही तिथे, सकाळी चालत जातो. बुडालेल्या गावाचे दगडी बांध, जुनी विहीर, झाडांचे बुंधे, ओढ्याचं पात्र, जे दिसेल त्याचं ठिकाण फोनच्या जीपीएसमध्ये नोंदवतो आणि फोटो काढतो. गुगल अर्थवर जुन्या वर्षांच्या उन्हाळ्यातली चित्रंही बघता येतात. ऑक्टोबरात तेच बांध चार-सहा मीटर पाण्याखाली असतात, आणि मासा त्यांच्याच आडोशाला असतो. वेळ जाईल, पण या दोन सकाळींएवढं महागडं यंत्रही शिकवणार नाही.

मग पाणी भरल्यावर होडीने शेत नांगरावं तशा समांतर फेऱ्या मारायच्या, दहा-पंधरा मीटर अंतराने, चालण्याच्या वेगाने. बांधापाशी आडव्या फेऱ्याही मारा. ट्रान्सड्यूसर (यंत्राचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) पाण्याच्या पातळीखाली जितका बुडालेला असेल तेवढं अंतर सेटिंगमध्ये टाका, नाहीतर सगळा नकाशा तेवढ्याने चुकतो. त्या दिवशी पाण्याची पातळी किती होती तेही धरणाच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवरून वहीत लिहून ठेवा. नोव्हेंबरात आखलेली सहा मीटरची रेघ मार्चमध्ये तीनवर आलेली असू शकते. जलपर्णीत ट्रान्सड्यूसर अडकला की पडदा भरून कचरा दिसतो. इंजिन बंद करून हाताने साफ करा.

समुद्रात हिशेब वेगळा. सागरी नकाशावरची खोली जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीची धरलेली असते. त्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवायची. नकाशात १.२ मीटर आणि भरती ३ मीटर असेल तर तुमच्याखाली ४.२ मीटर. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला उघडी पडते, आणि तो आकडा खोली नसून उंची असतो. ठाणे, मनोरी आणि वसईच्या खाड्यांत असे चिखलाचे पट्टे आहेत. भारताचे अधिकृत सागरी नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढतं. फोनमधल्या ॲपचा नकाशा निघण्याआधी ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि खाडीतला गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो हे लक्षात ठेवून पडद्यापेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबा.

बॅटरी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची छोटी पुरते. मॅन्युअलमध्ये सांगितलेला फ्यूज न विसरता घाला.

आता गरी

तलावासाठी सात फुटी मध्यम रॉड, २५०० किंवा ३००० मापाचं स्पिनिंग रील, १२ ते १५ पौंडाचं तंगूस. रोहू-कटल्याला कणकेचा गोळा किंवा ब्रेड, मरळ असेल तर कडेच्या झुडपांत बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष. खाडीत जिताडा, तांब, रावस यांच्यासाठी आठ-नऊ फुटी रॉड, ४००० चं रील, ३० पौंडाची विणलेली (ब्रेडेड) दोरी आणि पुढे गरीजवळ ४०-५० पौंडाचा लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, कारण जिताडा खडकाला आणि तिवरांच्या मुळांना दोरी घासतो. जिवंत कोळंबी मिळाली तर नकली आमिषं पेटीतच राहू द्या. गाठ आवळण्याआधी ओली करा. लहान मासा आला तर हात ओले करून धरा आणि सोडा.

परत आल्यावर

काम अजून संपलेलं नाही. ट्रेलर, स्प्रिंगची पानं, विंच, होडीचा तळ, सगळ्यावर गोडं पाणी सोडा. पानांच्या मध्ये साचलेलं मीठ आतून खातं. आउटबोर्ड दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा. रीलचा ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटेल ते ठरवणारा भाग) घट्ट करून हलक्या धारेखाली धुवा, जोराची धार मीठ आत ढकलते. सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.

सोसायटीच्या आवारात होडी ठेवणार असाल तर सेक्रेटरींशी आधी बोला आणि परवानगी लेखी घ्या. होडी पुढून उचललेली ठेवा, बूच काढून. वर ताडपत्री उतार देऊन बांधा, मध्ये खळगा पडू देऊ नका. जूनमध्ये त्या खळग्यात पाणी साचलं की डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची माणसं तपासायला येतात, ते योग्यच आहे. लांब मुक्काम असेल तर ट्रेलर ओंडक्यांवर उचलून चाकांवरचा भार काढा, टायरवर कापड झाका.

नारळी पौर्णिमा झाली, वारा पडला, की पहिल्या रविवारी ताडपत्री काढा, जॅक लावा आणि चाक फिरवून आवाज ऐका.